जिलबीचा उगम: बगदादची करवंटी आणि भावमिश्राचा घडा

एखाद्या मिठाईचा उगम शोधायचा म्हणजे नेमके काय शोधायचे, हे आधी ठरवले नाही तर चर्चा हमखास भरकटते आणि जिलबीच्या बाबतीत ती नेहमीच भरकटत आली आहे. जिलबी मुळात आपली नाहीच, ती अरबांची, असे ठासून सांगणारा एक पक्ष असतो आणि तिला थेट वेदकाळात नेऊन बसवणारा दुसरा पक्ष असतो. दोघांची गफलत एकच आहे. पदार्थाचे नाव, त्याचा आकार, तो करण्याची रीत आणि त्याची चव या साऱ्या गोष्टी एकाच ठिकाणी आणि एकाच वेळी जन्माला आल्या असाव्यात, असे दोघेही गृहीत धरतात. जिलबीत तसे झालेले दिसत नाही. तिचे नाव आणि आकार यांचा माग पश्चिम आशियात जातो, तर आज आपण जी आंबटगोड जिलबी खातो तिची सविस्तर कृती सोळाव्या शतकातल्या एका आयुर्वेदाच्या संस्कृत ग्रंथात सापडते.

पुरावे तपासण्यापूर्वी जिलबी कशाला म्हणायचे हे निश्चित केलेले बरे. मैद्याचे सैलसर पीठ आंबवायचे, ते भोकातून धारेने तापल्या तुपात वेटोळ्यांनी सोडायचे, कुरकुरीत तळायचे आणि गरम असतानाच साखरेच्या पाकात बुडवायचे, एवढे झाले की जिलबी होते. यातला एखादा टप्पा बदलला तर पदार्थच बदलतो. मैद्याऐवजी उडदाच्या डाळीचे वाटण घेतले आणि आंबवण्याचा टप्पा वगळला की इमरती होते. धार न सोडता पिठाचे गोळे तेलात सोडले की अरबी मुलखातला ‘लुकमत अल-काजी’ होतो, जो पाकात बुडवलेला असूनही जिलबीपासून पुष्कळ दूरचा आहे. त्यामुळे जुन्या ग्रंथात ‘तळलेला गोड पदार्थ’ एवढाच उल्लेख सापडला तर तो जिलबीचा पुरावा ठरत नाही. तळून गोड केलेले पदार्थ आपल्याकडे फार जुन्या काळापासून आहेत. अपूपाचा उल्लेख तर ऋग्वेदातही येतो. पण अपूप म्हणजे जिलबी नव्हे.

या कसोटीवर उतरणारे सर्वांत जुने पुरावे बगदादचे आहेत. इसवी सन ८९६ मध्ये मरण पावलेला अरबी कवी इब्न अल-रूमी याने पहाटे ‘जलाबिया’ तळत बसलेल्या एका कारागिरावर काही ओळी लिहिल्या आहेत. तो कारागीर बोटांतून चांदीसारखे पीठ सोडतो आणि कढईत त्याच्या सोन्याच्या जाळ्या होतात, असे त्यात वर्णन आहे. काव्य म्हणून ते सुंदर आहेच, पण इतिहासाच्या दृष्टीने त्याच कवितेतला दुसरा तपशील अधिक मोलाचा आहे. या पदार्थाचे कवच पातळ असून तो आतून बोरूसारखा पोकळ आहे, असे कवी सांगतो. पातळ कवच, पोकळ नळी आणि सोनेरी जाळी ही तीन लक्षणे एकत्र आली की तो साधा तळलेला गोळा नाही, हे उघड होते.

त्यानंतर दहाव्या शतकात इब्न सय्यार अल-वर्राक याने बगदादच्या अब्बासी खलिफांच्या दरबारातल्या खाद्यपदार्थांचा मोठा ग्रंथ तयार केला. जलाबियाच्या कृती त्यात आहेत. त्यातल्या जाळीदार प्रकाराची रीत अशी की, नारळाच्या करवंटीला भोक पाडायचे, तिच्यात आंबवलेले पातळ पीठ घ्यायचे, ते तापल्या तेलात फिरवत सोडायचे आणि तळून झाल्यावर मधात बुडवायचे. करवंटीचा हा तपशील मला विशेष वाटतो. बगदादच्या आसपास नारळ पिकत नाही. तो हिंदी महासागरातल्या व्यापारातून तिथे येई आणि अरबी भाषेत त्याला ‘हिंदचे फळ’ अशाच अर्थाचे नाव होते. म्हणजे जिलबी आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधी, ती पाडण्याचे साधन आपल्या बाजूने तिकडे गेलेले होते.

साखरेचीही गोष्ट काहीशी तशीच आहे. उसाच्या रसापासून खडे धरणारी साखर करण्याची विद्या भारतात विकसित झाली, ती इराणात गेली आणि पुढे अब्बासी काळात खुझिस्तान हा साखरेसाठी नावाजलेला प्रांत झाला. तेव्हा जिलबी ‘बाहेरची’ म्हणताना, ज्या पाकात ती बुडते त्याचे मूळ कुठले, हा प्रश्नही विचारायला हवा.

आता नावाकडे वळू. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी १८८६ मध्ये ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश प्रसिद्ध केला, त्यात जिलबीचे नाव अरबी ‘जलाबिया’ किंवा फारसी ‘जलीबिया’ यावरून आल्याचे नोंदवले आहे. हे मत आजही टिकून आहे, कारण ते केवळ ध्वनीच्या साम्यावर उभे नाही. त्याच नावाचा, त्याच रीतीने होणारा पदार्थ त्या प्रदेशात आधीच्या शतकांत लेखी स्वरूपात सापडतो. याउलट, जिलबीचे मूळ नाव ‘जलवल्लिका’ होते, असे अलीकडे वारंवार वाचायला मिळते. ते कानाला गोड लागते, परंतु आपल्याकडे परभाषेतल्या शब्दाला संस्कृत पेहराव चढवण्याची सवय जुनी आहे आणि असा पेहराव मूळ शब्दाचा पुरावा होऊ शकत नाही.

भारतात ती केव्हा आली, या प्रश्नाचे उत्तर पुण्यात शोधले गेले, हे अनेकांना ठाऊक नसते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी आयुष्यभर हस्तलिखितांत डोके घालून रोजच्या वापरातल्या वस्तूंचा इतिहास लिहिला. नाकातली नथ भारतात केव्हा आली, तंबाखू केव्हा आला, अशा प्रश्नांवर त्यांचे लेख आहेत आणि त्याच मालिकेत त्यांनी भारतीय आहारशास्त्राच्या इतिहासावर लिहिताना जिलबीचा स्वतंत्र विचार केला. मोठमोठ्या राजांच्या लढायांपेक्षा असल्या गोष्टींचा काळ ठरवणे अधिक कठीण असते, कारण जिलबीचा शिलालेख कोणी कोरून ठेवत नाही.

गोडे यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. जुन्या ग्रंथावर पुष्कळदा साल लिहिलेले नसते. अशा वेळी त्या ग्रंथाने कोणकोणत्या आधीच्या ग्रंथांचा आधार घेतला आहे ते पाहायचे. त्यातला सर्वांत अलीकडचा ग्रंथ ज्या काळातला, त्याच्या आधी आपला ग्रंथ लिहिलेला असू शकत नाही. मग उलट बाजूने, नंतरच्या कोणत्या लेखकाने या ग्रंथातून उतारे घेतले आहेत किंवा त्याची तारीख असलेली सर्वांत जुनी नक्कल कोणत्या वर्षाची आहे, ते शोधायचे. त्या वर्षाच्या पुढे ग्रंथाचा काळ नेता येत नाही. या दोन मर्यादांमधले अंतर जितके कमी करता येईल तितका काळ नेमका होतो. ज्या ग्रंथात जिलबीचा उल्लेख आहे त्याचा काळ असा ठरला की, त्या काळापर्यंत जिलबी इथे पोचलेली होती, एवढे खात्रीने म्हणता येते. ‘पोचलेली होती’ हे महत्त्वाचे. पहिला लेखी उल्लेख म्हणजे पहिली जिलबी नव्हे, कारण पदार्थ आधी रुळतो आणि ग्रंथकार त्याची नोंद मागाहून घेतो.

या मार्गाने हाती आलेला सर्वांत जुना उल्लेख जिनसूर या जैन लेखकाच्या ‘प्रियंकरनृपकथा’ या ग्रंथातला, सुमारे १४५० सालचा आहे. एका धनाढ्य व्यापाऱ्याने दिलेल्या मेजवानीच्या वर्णनात जिलबी येते. हा संदर्भ बोलका आहे. जैन कथेतल्या व्यापाऱ्याच्या पंक्तीला ती वाढली जाते, याचा अर्थ पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती सुलतानांच्या भटारखान्यापुरती राहिलेली नव्हती आणि तिच्या परकेपणाचा कोणाला विटाळही वाटत नव्हता. खंबातसारख्या बंदरांतून आखाताशी चालणारा व्यापार आणि दिल्लीपासून दख्खनपर्यंत पसरलेले फारसी वळणाचे दरबार, हे दोन्ही मार्ग तिच्यासाठी मोकळे होते. यानंतर, १६०० सालाच्या आधी रचलेल्या ‘गुण्यगुणबोधिनी’ या संस्कृत ग्रंथात तिचे साहित्य आणि कृती पद्यात दिली आहे आणि ती आजच्या कृतीशी जुळते.

परंतु माझ्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत रसाळ पुरावा सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदग्रंथात आहे. त्याचा कर्ता भावमिश्र याने शिजवलेल्या अन्नाच्या प्रकरणात ‘कुण्डलिनी’ नावाने जी कृती दिली आहे ती वाचताना, लिहिणाऱ्याने जिलबी नुसती चाखलेली नसून ती करताना जवळ उभे राहून पाहिलेली असावी, असे वाटत राहते. तो सांगतो की कुशल माणसाने नवा घडा आणावा आणि त्याला आतून अर्धा प्रस्थ आंबट दही लेपावे. मग दोन प्रस्थ समिता, म्हणजे गव्हाचे अगदी बारीक पीठ, एक प्रस्थ आंबट दही आणि अर्धा शराव तूप एकत्र घोळून त्या घड्यात घालावे. ते आंबट होईपर्यंत, ‘यावद्याति तदम्लताम्’, उन्हात ठेवावे. नंतर ते भोक असलेल्या भांड्यात घेऊन तापलेल्या तुपात गोल गोल फिरवत सोडावे आणि वेटोळ्यांवर वेटोळी घालून मंडलाकार करावा. चांगले तळले गेले की तुपातून काढून, कापूर वगैरेंनी सुगंधित केलेल्या साखरेच्या पातळ पाकात त्याला न्हाऊ घालावे आणि बाहेर काढावे. शेवटी वैद्याला शोभेसे गुणवर्णन येते: ही पुष्टी, कांती आणि बळ देणारी व रुची वाढवणारी आहे. मधुमेहाच्या काळात या शेवटच्या वाक्यावर कोणी विसंबू नये, हे सांगायला नकोच.

प्रस्थ म्हणजे ६४ तोळे, आजच्या हिशेबात साधारण पाऊण किलो, आणि शराव त्याच्या निम्मा. म्हणजे सुमारे दीड किलो पिठाला पाऊण किलो आंबट दही आणि दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर तूप, असे हे प्रमाण होते. यातली प्रत्येक सूचना सकारण आहे आणि त्या कारणांचा उलगडा आजच्या विज्ञानाने सहज होतो. घडा आतून दह्याने लेपण्यामागे विरजणाचा विचार आहे. नव्या मातीच्या भांड्याला बारीक छिद्रे असतात, त्यांत दह्यातले जिवाणू ठाण मांडतात आणि पीठ सर्व बाजूंनी आंबू लागते. दह्यातले लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू आंबटपणा वाढवतात, तर पिठातले आणि हवेतले यीस्ट कार्बन डायऑक्साइड सोडतात, ज्यामुळे पिठात बारीक बुडबुडे धरतात. याच वेळी गव्हातल्या ग्लुटेनचे चिवट जाळे आम्लामुळे सैल पडते. ताज्या मैद्याचे पीठ भोकातून सोडले तर ते रबरासारखे ओढले जाते आणि मध्येच तुटते. आंबलेल्या पिठाची मात्र अखंड, एकसारखी धार पडते. घोळताना घातलेले तूप ग्लुटेनला आणखी आवर घालते, तेच आपले मोहन, आणि त्यानेच जिलबीला खुसखुशीतपणा येतो.

तळण्यासाठी हलवाई खोल कढई न वापरता सपाट बुडाची पसरट तई घेतात, कारण तुपाची खोली थोडी असली की वेटोळी बुडून एकमेकांत गुंतत नाहीत आणि आकार राखून तरंगतात. धार तुपात पडताक्षणी तिचा बाहेरचा थर कडक होतो. आत अडकलेला वायू आणि पाण्याची वाफ फुगून त्याची नळी करतात. इब्न अल-रूमीने पाहिलेली बोरूची पोकळी ती हीच. जिलबी तुपातून निघते तेव्हा त्या नळीत वाफ कोंडलेली असते. ती तशीच गरम असताना तिच्याहून पुष्कळ कमी तापमानाच्या कोमट पाकात टाकली की वाफ आटते, आतला दाब उतरतो आणि पाक बारीक भेगांतून आत ओढला जातो. म्हणूनच गार झालेली जिलबी कितीही वेळ पाकात ठेवली तरी ती रसरशीत होत नाही, फक्त वरून चिकट आणि मऊ होते. भावमिश्र पाक ‘तनुद्रव’ हवा म्हणतो, आपल्याकडे एकतारी म्हणतात. पाक त्याहून घट्ट झाला तर आत शिरत नाही आणि वर साखर धरते. फारच पातळ झाला तर त्यातले पाणी कवचात मुरते आणि कुरकुरीतपणा जातो. साखर पुन्हा खडे धरू नये म्हणून पाकात लिंबू पिळण्याची रीत आहे, तीही पूर्णपणे शास्त्राला धरून आहे, कारण आम्लाने साखरेचा काही अंश फोडला जातो आणि उरलेल्या साखरेला खडा बांधणे अवघड होते.

भावप्रकाशातली कृती हाती असल्याने, दह्याने आंबवणे हे भारताचे योगदान, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण इथे जरा दमाने घ्यायला हवे. इराणात रमजानच्या दिवसांत रोजा सोडताना ‘बामिये’ या तळून पाकात बुडवलेल्या मिठाईसोबत जी ‘झुल्बिया’ खातात, तिच्या आजच्या कृतीतही दही असते; केशर आणि गुलाबपाणी घातलेल्या पाकात ती बुडवतात. त्यामुळे दही कोणी कोणाकडून उचलले, हा वाद मांडण्यात अर्थ नाही. अल-वर्राकच्या मधात बुडवलेल्या जाळीपासून भावमिश्राच्या दह्याने आंबवलेल्या आणि साखरेत न्हायलेल्या कुंडलिनीपर्यंत सहा शतकांचे अंतर आहे आणि त्या काळात इराण व हिंदुस्थान यांच्यात स्वयंपाकी, व्यापारी, सैनिक आणि सुफी यांची ये-जा अखंड चालू होती. जे निश्चित म्हणता येते ते एवढेच की, सोळाव्या शतकापर्यंत या पदार्थाला संस्कृत नाव मिळाले होते, त्याचे गुणदोष वैद्य तपासत होते आणि तो करण्याची रीत इथल्या तूप, दही आणि साखरेच्या भाषेत बसली होती.

महाराष्ट्राशी तिचा ग्रंथातला संबंध सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जुळतो. रघुनाथ गणेश नवहस्त या मराठी पंडिताने ‘भोजनकुतूहल’ हा खाण्यापिण्यावरचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. हे रघुनाथ पंडित समर्थ रामदासांचे स्नेही होते आणि तंजावरला व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई हिचा आश्रय त्यांना लाभला होता. त्यांच्या ग्रंथाचा काळ गोडे यांनी १६७५ ते १७०० असा ठरवला. जिलबीची कृती त्यातही येते. आधीच्या आयुर्वेदग्रंथांतून वेचे घेत, त्यात आपल्या काळचे पदार्थ गुंफत केलेली ही रचना आहे. मराठी माणसे तंजावरपर्यंत राज्य करायला गेली तेव्हा त्यांच्या पंडिताच्या पोथीत जिलबीही होती.

अरबी नावाचा पदार्थ पश्चिमेकडेही तितकाच दूर गेला आहे. अल्जीरियातल्या बूफारिक गावची ‘झ्लाबिया’ त्या देशात प्रसिद्ध आहे आणि रमजानात तिला मोठी मागणी असते. लेबनॉनमध्ये मात्र त्याच कुळातल्या नावाने निराळ्याच प्रकारचे तळलेले पीठ ओळखले जाते. इकडे नेपाळात ती ‘जेरी’ झाली. खुद्द भारतात बुऱ्हाणपूरची खव्याची जिलबी इतकी वेगळी आहे की तिला वेगळे नाव असायला हरकत नव्हती. काळपट तपकिरी, जाड आणि मऊ अशी ही जिलबी मुंबईत मोहम्मद अली रोडवर रमजानच्या रात्री ढिगाने विकली जाते. गुजरातेत दसऱ्याला फाफड्याबरोबर जिलबी लागते, उत्तरेत ती सकाळी दुधात किंवा दह्यात बुडवून खातात, आणि आपल्याकडे स्वातंत्र्यदिन व प्रजासत्ताकदिन यांना तिचे हंगामी मंडप उभे राहतात.

मराठी पंगतीने तिला दिलेली जोड म्हणजे मठ्ठा. आले, मिरची, कोथिंबीर आणि मीठ घातलेले ताक जिलबीच्या घासांमध्ये प्यायले की गोडाची मिठी सुटते आणि पुढची जिलबी उचलायला तोंड पुन्हा तयार होते. यजमानाला ही जोडी महागात पडते, हे वेगळे. वास्तविक चांगल्या जिलबीत हा आंबटपणा स्वतःचाच असतो. आज मात्र अनेक ठिकाणी पीठ रात्रभर आंबवण्याऐवजी फ्रूट सॉल्ट किंवा सोडा घालून अर्ध्या तासात जिलब्या पाडल्या जातात. अशा पिठात बुडबुडे येतात, नळीही फुगते, रंगही आणता येतो. पण लॅक्टिक आम्ल तयार व्हायला जो वेळ लागतो तो त्याला मिळालेला नसतो. मग आंबटपणासाठी पिठात सायट्रिक आम्ल टाकतात. त्याची चव जिभेच्या टोकाला टोचते आणि लगेच विरते, दह्याच्या आंबटपणासारखी गोडाच्या मागे रेंगाळत नाही. तेव्हा ओळखायचे झाले तर पाकात बुडवण्यापूर्वीचा, नुसता तळलेला एक तुकडा हलवायाकडे मागावा. तो तोंडात टाकल्यावर आंबट लागला आणि तो आंबटपणा रेंगाळला तर पीठ आंबवलेले आहे; नुसताच पिठूळ लागला किंवा आंबटपणा टोचून लगेच विरला तर ते सोड्यावर फुगवलेले आहे.